मस्टरबाहेरची मुंबई : भाऊ पाध्ये यांचे स्मरण

मराठीत प्रभाकर पाध्ये या नावाचे दोन लेखक होऊन गेले आणि दोघांचाही वर्तमानपत्राशी निकटचा संबंध होता, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर व्याख्यान संपल्यावर एखादे सद्गृहस्थ उठून ‘सौंदर्यानुभव’ या ग्रंथाविषयी प्रश्न विचारतील आणि आमची पंचाईत होईल. तो ग्रंथ लिहिणारे प्रभाकर आत्माराम पाध्ये हे वयाने थोरले, १९०९ सालचे. ‘नवशक्ति’चे एके काळचे संपादक आणि सौंदर्यशास्त्राचे व्यासंगी. ज्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे ते प्रभाकर नारायण पाध्ये. त्यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९२६ रोजी मुंबईत दादरला झाला. लोक त्यांना भाऊ म्हणत आणि पुस्तकांवरही तेच नाव आले. गंमत अशी की, ज्या ‘नवशक्ति’चे थोरले पाध्ये संपादक होते, त्याच पत्रात पुढे धाकट्या पाध्यांनीही कित्येक वर्षे नोकरी केली. एकाने सौंदर्याचा विचार केला, दुसऱ्याने नाक्यावरच्या पोरांचा. दोघांचेही काम मराठीला हवेच होते, पण आमचा अधिकार फक्त दुसऱ्यापुरता.

तो अधिकार कोणता, हेही सांगितले पाहिजे. आम्ही साहित्याचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु भाऊ पाध्ये हा लेखक कामगार चळवळीतून आलेला आहे, आणि चळवळीने त्याची आठवण नीटशी ठेवलेली नाही. आमच्या मंडळींत त्यांच्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक, ‘ते चळवळ सोडून गेले’. आणि दुसरे, ‘गेले ते गेले, वर आमच्यावरच कादंबरी लिहिली.’ आम्ही विशी ओलांडली तेव्हा एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्याने, ते आज हयात नाहीत, आम्हांस बजावले होते की बाबा, तू लेनिन वाच, साने गुरुजी वाच, पण त्या नाक्यावरच्या टवाळांच्या गोष्टी युनियनच्या कपाटात ठेवू नकोस. आमचे म्हणणे असे आहे की, १९५० ते १९८२ या बत्तीस वर्षांत मुंबईच्या कामगार वस्तीचे काय झाले हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याला आमच्या ठरावांच्या फायली पुऱ्या पडणार नाहीत. त्याला भाऊंकडे जावेच लागेल.

भाऊ १९४८ साली मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९४९ ते १९५१ या काळात त्यांनी कामगार चळवळीत काम केले. दोनतीन वर्षे म्हणजे फार नव्हेत. पण ही वर्षे कोणती ते पाहा. १९४८ च्या डिसेंबरात समाजवाद्यांच्या पुढाकाराने हिंद मजदूर सभा स्थापन झाली. त्याआधी १९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला होता. श्रोत्यांपैकी पुष्कळांना हा कायदा माहीत नसेल. आम्हांस मात्र तो तोंडपाठ आहे, कारण त्याच्याच चौकटीत आमच्या वाडवडिलांची डोकी फुटली. कायद्याचा गाभा असा की, एका गावातल्या एका धंद्यात मालकाशी बोलावयाचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला. बाकीच्यांनी कितीही सभा भरवल्या तरी वाटाघाटीच्या टेबलाशी त्यांना खुर्ची नाही. मुंबईच्या कापड धंद्यात ती खुर्ची राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली. मग १४ ऑगस्ट १९५० रोजी बोनसच्या प्रश्नावरून समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने संप पुकारला. सुमारे दोन लाख कामगार बाहेर पडले आणि ६३ दिवस बाहेर राहिले. कायद्याच्या लेखी तो संप बेकायदा. शेवटी तो मोडला आणि माणसे हात हालवीत परत कामावर गेली.

पंचविशीच्या आतल्या पदवीधर तरुणाने कामगार चळवळ पाहिली ती या काळात. माणसे खरी, भूक खरी, सभेतल्या घोषणाही खऱ्या. आणि तरीही निकाल एका कागदी खुर्चीवर ठरतो! असे पाहिलेल्या माणसाने पुढे नुसती स्तोत्रे लिहावीत, अशी अपेक्षा करणेच चूक आहे.

त्यानंतर भाऊंनी काही वर्षे शाळेत शिकवले, वडाळ्याच्या स्प्रिंग मिलमध्ये कारकुनी केली, थोडे दिवस आयुर्विम्यातही काढले. चळवळीतल्याच कार्यकर्त्या शोशन्ना माझगावकर यांच्याशी त्यांनी विवाह केला. हा हिंदू-ज्यू विवाह होता आणि काळ पन्नाशीच्या दशकातला होता, एवढे सांगितले म्हणजे घराची जात कोणती होती ते कळेल.

गिरणीतल्या कारकुनीवर आम्ही घटकाभर थांबणार आहोत, कारण त्या टेबलाची किंमत साहित्यिक मंडळींना सहसा कळत नाही. गिरणीचे राज्य मस्टरवर चाले. मस्टरवर नाव असेल तो माणूस. त्याला पगार, महागाईभत्ता, फंड, बोनस. नाव नसेल तो बदली. बदलीवाला पाळी सुरू होण्याआधी फाटकाशी येऊन उभा राही. साच्यावरचा कायम माणूस आला नाही तर त्याला हाक, आला तर घरी परत. असे वर्षानुवर्षे चाले. बदलीवाल्याच्याही पलीकडे आणखी एक माणूस होता, त्याच्या घरचा मुलगा. तो शाळेत चार इयत्ता जास्त शिकलेला, म्हणून त्याला त्रासन खात्यात जावयाची लाज. आणि कचेरीत घ्यावे इतका शिकलेला नव्हे, म्हणून तेथेही जागा नाही. हा मुलगा कोणत्याच मस्टरवर नव्हता. तो युनियनच्या पावतीपुस्तकातही नव्हता, कारण वर्गणी पगारातून द्यावयाची आणि त्याला पगारच नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे असत. रात्रपाळीचा बाप दिवसा झोपे. मग मुलाने दिवसभर जावे कोठे? नाक्यावर. चळवळीने ज्याची मोजदाद केली नाही त्या मुलाच्या शेजारी भाऊ जाऊन उभे राहिले. हीच त्यांची आमच्या दृष्टीने मोठी कामगिरी.

परंतु तिथे पोहोचण्याआधी ते पत्रकार झाले. ‘हिंद मजदूर’, ‘नवाकाळ’ आणि मग ‘नवशक्ति’. पुढे ‘झूम’ नावाच्या सिनेमाच्या पत्राचे संपादन. वर्तमानपत्राची नोकरी म्हणजे तेव्हा काय होते? तारेने आलेल्या इंग्रजी बातमीचे घाईघाईने मराठी करावयाचे, खिळे जुळविणाऱ्याची बोलणी खावयाची, रात्री उशिराच्या गाडीने घरी यावयाचे. १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला आणि चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा अधिक काम घेता येणार नाही असे त्यात लिहिले गेले. प्रत्यक्षात किती घेतले जाई ते ज्याचे त्याला ठाऊक. एक गोष्ट मात्र या धंद्यातून भाऊंना मिळाली. बातमीदाराला वाक्य लांबवून चालत नाही, आणि पाल्हाळ लावला तर उपसंपादक कात्री लावतो. भाऊंची वाक्ये त्या कात्रीतून आलेली आहेत. सूर्यास्ताची वर्णने त्यांच्याकडे शोधू नका.

१९६० साली ‘डोंबाऱ्याचा खेळ’ ही कादंबरी आली, पुढच्याच वर्षी ‘करंटा’. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’मध्ये गिरणीचा कामगार १९३३ सालीच कादंबरीत आणला होता. पण वरेरकरांचा कामगार हा बाहेरून, आस्थेने पाहिलेला कामगार आहे. भाऊंनी युनियन आतून दाखवली. नावच पाहा ना! डोंबारी दोरावर चालतो, खाली ढोलके वाजते, लोक टाळ्या पिटतात, आणि खेळ संपला की थाळी फिरते. कामगार पुढाऱ्याला ही उपमा झोंबणार यात नवल नाही. आम्हांसही झोंबते. पण आम्ही तीस वर्षे हा दोर चाललो आहोत. मालकाच्या कचेरीत एक आवाज, फाटकावरच्या सभेत दुसरा आवाज, आणि दोन्हींच्या मधोमध पोटात खड्डा, हे आमच्यापैकी कोणी नाकारील काय? कामगारद्वेष्टा माणूस हे लिहू शकत नाही. द्वेष्ट्याला दोर दिसतच नाही, त्याला फक्त थाळी दिसते.

‘वैतागवाडी’ १९६४ ची. मुंबईत जागा मिळत नाही, हा तिचा विषय. आज हे वाचताना तरुणांना वाटेल की त्यात काय विशेष? पण त्या काळची मेख समजून घेतली पाहिजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. आमची निम्मी चाळ त्या कायद्यावरच जगली. पण भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात मालकाला राम उरला नाही आणि पागडी नावाचा अनधिकृत राजा शहरावर बसला. लग्न ठरले आहे आणि खोली नाही, असा एक अख्खा वर्ग त्यातून तयार झाला. सरकारी अहवालांत त्याचे आकडे सापडतील. माणूस त्यामुळे किती चिडखोर, किती हास्यास्पद आणि किती लाचार होतो ते ‘वैतागवाडी’त आहे, आणि तेही हसवीत हसवीत सांगितलेले.

आता ‘वासूनाका’. १९६५ साली हे पुस्तक आले आणि गहजब झाला. पोक्या नावाचा एक पोरगा आपल्या नाक्यावरच्या टोळक्याच्या हकिकती सांगतो, एवढीच त्याची बांधणी. पण सांगतो तो नाक्याच्या भाषेत. मुंबईची ती मराठी, जिच्यात हिंदी, गुजराती, कोकणी आणि मोडके इंग्रजी एकाच घोटात पिऊन टाकलेले असते, ती तोवर नाटकातल्या गड्याच्या तोंडी विनोदापुरती येई. भाऊंनी तिला कथा सांगावयास लावले आणि बाजूला शुद्ध मराठी बोलणारा कोणी सभ्य निवेदक उभा केला नाही, खाली कंसात अर्थही दिला नाही. आमच्याजवळची प्रत फोर्टातल्या पदपथावर घेतलेली जुनी आहे. कोणा आधीच्या मालकाने तिच्यातले शब्द निळ्या शाईने खोडले आहेत. साठसत्तर पाने त्याने मोठ्या निष्ठेने खोडली आणि मग त्याचा धीर सुटलेला दिसतो, किंवा गोष्टीत रमला असेल.

आचार्य अत्र्यांनी या पुस्तकाला अश्लील म्हणून जाहीरपणे झोडपले. अत्र्यांविषयी आम्ही अनादराने बोलणार नाही. त्यांचा ‘मराठा’ चाळीत मोठ्याने वाचला जाई आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव रस्त्यावर आले त्यात त्या पत्राचा वाटा कोणीही नाकारू शकत नाही. पण इतिहासाची चेष्टा पाहा. १९५६ ते १९६० या काळात ज्या पोरांनी मशाली धरल्या, पत्रके वाटली, लाठ्या खाल्ल्या, ती पोरे १ मे १९६० नंतर कोठे गेली? राज्य झाले, मंत्रिमंडळ झाले, आणि पोरे होती तिथेच, नाक्यावर परत आली. अत्र्यांनी त्यांना मोर्चात पाहिले होते, भाऊंनी मोर्चा संपल्यानंतर पाहिले. दोन्ही वेळी पोरे तीच. पुस्तकाची बाजू घेणाऱ्यांत दुर्गाबाई भागवत होत्या, हे विशेष; लोकवाङ्मय जाणणाऱ्या विदुषीला बोलीचा विटाळ झाला नाही.

या पोरांचे अर्थशास्त्रही ध्यानात घेण्याजोगे आहे. १९४९ च्या कायद्याने मुंबईत दारूबंदी आली आणि हातभट्टीचा धंदा गल्लोगल्ली पसरला. त्या धंद्याला टेहळणीसाठी, पोचवणीसाठी पोरे लागत. दुसरीकडे आकड्याचा जुगार. १९६१ पर्यंत तो न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या व मिटत्या भावावर चाले. ते बंद झाल्यावर मटका आला. बाप दिवसभर कापूस पिंजणार आणि मुलगा संध्याकाळी कापसाच्या भावावर चार आणे लावणार! मालक, पुढारी, सरकार यांपैकी कोणीही त्या पोराला काम देत नव्हते, तेव्हा त्याला काम देणारे एवढेच होते. ‘वासूनाका’तील वाह्यातपणाकडे या अंगाने पाहिले म्हणजे ते पुस्तक चावट राहत नाही. वाचून झाल्यावर घसा कोरडा पडतो.

एक उणेही सांगितले पाहिजे. सांगणारा पोक्याच असल्यामुळे वस्तीतल्या मुली व बाया त्याच्याच नजरेने दिसतात, आणि ती नजर निर्दय आहे. नळावर, जिन्यात, खिडकीशी उभी असलेली मुलगी स्वतः काय म्हणते हे आपल्याला फारसे ऐकू येत नाही. आमच्या संघटनेतल्या भगिनींना हे पुस्तक दिले तेव्हा त्यांनी हीच तक्रार केली, आणि ती आम्हांस रास्त वाटते.

‘वासूनाका’नंतर वर्षाच्या आसपास, १९ जून १९६६ रोजी, शिवसेनेची स्थापना झाली. नाक्यावरच्या पोराला शाखा मिळाली, फलक मिळाला, गणपतीच्या मांडवात मान मिळाला, आणि ‘तू कोणीतरी आहेस’ असे म्हणणारा मिळाला. ५ जून १९७० रोजी लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. गिरणगावाचा लाल रंग उतरला तो त्या सुमारास. आमची वडीलधारी मंडळी पुढे कित्येक वर्षे एकमेकांस विचारीत राहिली की, आपली पोरे गेली कशी? कोणी मालकांचे कारस्थान म्हणाले, कोणी सरकारची फूस म्हणाले. दोन्हींत तथ्य असेल. पण पोरे जाण्यापूर्वी कोठे उभी होती, काय खात होती, कशाला हसत होती आणि त्यांना कशाची लाज वाटत होती, हे सारे १९६५ सालीच छापून तयार होते. आमच्यापैकी अनेकांनी ते चावट म्हणून बाजूला ठेवले होते. १९७५ साली भाऊंची ‘राडा’ आली. तिला या नव्या झेंड्याची पार्श्वभूमी आहे. राडा हा शब्द आज सभ्य वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येतो. तेव्हा तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घालणे हे धाडस होते.

भाऊंनी याखेरीजही पुष्कळ लिहिले. ‘बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर’ ही त्यांची वेगळ्या, वरच्या थरातली कादंबरी. समीक्षक तिला मोठा मान देतात, आम्हांस ती दुरूनच आवडते. ‘पिचकारी’, ‘मुरगी’, ‘थालीपीठ’ हे कथासंग्रह. आमचा कल कथांकडे अधिक. कादंबरीत भाऊ कधी कधी पसरतात, कथेत मात्र नाक्यावर उभा राहून सांगणाऱ्याचा दम त्यांच्यापाशी आहे. ऐकणारा पुढे सरकायच्या आत त्याला धरून ठेवावयाचे, आणि बोलणे संपले की आपण आपल्या वाटेने जावयाचे! ‘कोसला’ १९६३ ची, नारायण सुर्व्यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ चे, बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चे. या दोनतीन वर्षांत मराठीची बैठक हलली ती अनेक हातांनी, आणि त्यांत एक हात ‘नवशक्ति’तल्या या नोकरदार पत्रकाराचा होता. सुर्वे आमच्या व्यासपीठावर सन्मानाने आले, आमच्या मोर्चात त्यांच्या कविता म्हटल्या गेल्या. भाऊंचे लिखाण मोर्चात म्हणता येत नाही, हा काही त्यांचा अपराध नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तोच १९४६ चा कायदा, तीच एक खुर्ची, आणि तीच बेकायदा ठरलेली माणसे. फरक एवढाच की, या वेळी परत जावयाला पुष्कळांना गिरणीच उरली नाही. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. घरातल्या भांड्यांची संख्या कशी कमी होत गेली ते आम्हांस स्मरते, त्याहून अधिक सांगत नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करावयास वाट दिली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती वाट रुंद झाली.

भाऊंची अखेरची वर्षे आजारात गेली. अर्धांगवायूने त्यांना गाठले आणि लिहिणारा हात थांबला. दिलीप चित्रे यांनी त्यांच्या निवडक कथांचे संपादन केले, त्यामुळे नव्या वाचकाला एके ठिकाणी काही हाती लागते. ३० ऑक्टोबर १९९६ रोजी भाऊ वारले, वयाची सत्तरी पुरी व्हावयास एक महिना कमी असताना.

ज्या स्प्रिंग मिलमध्ये त्यांनी कारकुनी केली तिच्या जागेवर आता उंच निवासी मनोरे उभे आहेत. आमचे हल्लीचे काम मुंबईतल्या अशाच मनोऱ्यांतून पहारा करणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या ठेकेदारी कामगारांत आहे. त्यांचे मस्टर ठेकेदाराच्या मोबाईलमध्ये असते आणि महिनाअखेर त्यातली काही नावे आपोआप नाहीशी होतात. फाटकाशी सभा घेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही ती पलीकडे चहाच्या टपरीपाशी घेतो. त्यांतल्या एका तरुण पहारेकऱ्याने गेल्या वर्षी आमच्याकडून ती निळ्या शाईची प्रत वाचावयास नेली. ती अजून परत आलेली नाही. तीन जणांच्या हातांतून फिरून सध्या विक्रोळीला आहे, असे कळते.